कलर अ‍ॅनालिसिसमध्ये ‘डीप ऑटम’ निघाले आणि कपाटात सगळं बेबी पिंक नि पिस्ता, आता काय करू?

कपाटवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा फालतू वाटेल पण डोक्यात बसलाय म्हणून विचारतेच. चाळिशीच्या वाढदिवसाला मैत्रिणींनी मिळून मला सीझनल कलर अ‍ॅनालिसिसचं सेशन गिफ्ट दिलं. म्हणजे ते गळ्याखाली एकेक रंगाचं कापड धरून बघतात आणि मग सांगतात की तुम्ही स्प्रिंग, समर, ऑटम की विंटर, त्यातही प्रत्येकाचे तीन-तीन, असे एकूण १२. मेकअप पुसायला लावला, केसांवर पांढरं फडकं बांधलं, दीड तास आरशासमोर बसले आणि मी निघाले डीप ऑटम. येताना कापडाच्या छोट्या तुकड्यांचा एक पंखा दिला हातात, त्यात गडद चॉकलेटी, मेंदी, विटकरी, मोहरीसारखा पिवळा, टोमॅटो लाल, गडद टील (म्हणजे निळसर हिरवा), वांगी असले रंग.

घरी येऊन कपाट उघडलं आणि खालीच बसले. कुर्ते मोजले, ४२ आहेत. त्यातले २९ बेबी पिंक, पिस्ता, लव्हेंडर, आकाशी, पांढरा. एकही, अक्षरशः एकही मेंदी कलरचा नाही.

याला कारण आहे. मी सावळी. लहानपणापासून ऐकत आले की सावळ्या रंगाला गडद घालू नये, अजून काळं दिसतं. आमची आत्या तर दुकानात सगळ्यांसमोर म्हणायची, हिला फिकंच दाखवा हो. मग तेच वळण पडलं, आता दुकानात गेले की हात आपोआप फिक्या गठ्ठ्याकडेच जातो.

तर आता हे सगळं वाटून टाकू का? तेवढे पैसे नाहीत नवीन घ्यायला आणि जीवही होत नाही. दुसरं म्हणजे याआधी फोनवरच्या एका अ‍ॅपने मला डीप विंटर सांगितलं होतं, तिथे काळा आणि पांढराशुभ्र चालतो, इथे दोन्ही नको म्हणाले, खरं कोणाचं? आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आईने दिलेली पिस्ता रंगाची रुपेरी जरीची सिल्कची साडी, डिसेंबरमध्ये मावसबहिणीच्या लग्नात तीच नेसायचं कबूल केलंय. पंख्यात पिस्ता तर नाहीच, रुपेरीही नाही. लांबलचक झालं, सॉरी.

टूबायटू

अगं वाटून-बिटून काही टाकू नकोस. माझं २० वर्षं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान होतं सांगलीत, आता गुडघ्यांमुळे बंद केलंय, तर चार गोष्टी सांगते.

रंगाचं जे काय व्हायचं ते गळ्याच्या आसपास होतं. हनुवटीखाली वीतभर कापड असतं ना, त्याचा उजेड वर तोंडावर पडतो, डोळ्याखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेची सावली, वांग, सगळं त्यानेच वाढतं नाहीतर लपतं. कमरेखाली तू लव्हेंडर घाल नाहीतर पोपटी, तोंडाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे लेगिंग, पलाझो, सलवार, स्कर्ट हे सगळं आत्ताच तुझ्या गठ्ठ्यातनं बाद, त्याला हात लावू नकोस.

आता राहिले कुर्ते. ओढणी घेतेस का? घेत असशील तर २९ कुर्त्यांना २९ उपाय करायची गरजच नाही. तीन ओढण्या घे, एक विटकरी, एक मेंदी, एक गडद टील, सुती किंवा मलमलच्या. बेबी पिंकवर विटकरी छान दिसते, पिस्त्यावर मेंदी म्हणजे एकाच घरातलं, आकाशीवर टील. ओढणी गळ्यालगत घ्यायची, खांद्यावर एका बाजूला टाकून सोडली तर काही उपयोग नाही. ओढणी आवडत नसेल तर गळ्याला पायपिंग. अर्ध्या इंचाची जाड पायपिंग किंवा खणाची पट्टी लावली की गळ्याशी रंग बदलतो, कुर्ता तोच. टेलरला घडी करून चार कुर्ते एकदम दे, एकेक नेलास तर तो करणारच नाही, कंटाळतात.

आणि अजून एक, मंगळसूत्र घालतेस का? कारण काळे मणी आणि सोनं कायम गळ्यात असतात, आपल्याकडच्या बायकांचं कुठलंही रंगाचं गणित त्या दोघांना धरूनच होतं. सेशनला काढायला लावलं होतं का?

साडीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सरळरेषा

मला यात दुकानदारीच जास्त वाटते बुवा. आधी सांगायचं तुमचं सगळं चुकलंय, मग पंखा विकायचा, मग पंख्यातल्या रंगांची लिपस्टिक विकायची. आमच्या आजीने आयुष्यभर दोनच इरकलं आणि एक चंद्रकळा नेसली, तिला कोणी ऑटम म्हणालं नाही. जे आवडतं ते घालावं. फिकं आवडत असेल तर फिकं घाला, आत्या गेली उडत.

रंगारी_कोल्हापूर

सरळरेषा, दुकानदारी आहेच, पण नुसती दुकानदारी नाहीये. मी शाळेत चित्रकला शिकवतो, रंगांच्या सिद्धांताशी रोजचा संबंध आहे म्हणून थोडं मागचं सांगतो, लांब होईल, ज्यांना नको त्यांनी खाली स्क्रोल करा.

पॅरिसला गोबलँ म्हणून भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपडदे बनवायचा सरकारी कारखाना होता. १८२४ मध्ये शेव्रल नावाचा केमिस्ट तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला. लोकांची तक्रार होती की काळा धागा मरगळलेला दिसतो, रंग नीट बसलेला नाही. याने तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती. शेजारी निळा-जांभळा धागा विणला की तोच काळा मळका दिसायचा. त्याने यावर १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला, की दोन रंग शेजारी आले की एकमेकांना बदलवतात. आता धाग्याच्या जागी आपला चेहरा ठेवा आणि शेजारी कुर्ता. टूबायटू ताईंनी जे वीतभर कापडाचं सांगितलं त्यात एक भाग उजेड परावर्तित होण्याचा आणि दुसरा भाग हा.

नंतर जर्मनीत बाउहाउस नावाच्या कलाशाळेत योहानेस इटेन शिकवायचा, १९१९ पासून. त्याच्या लक्षात आलं की पोरांना मोकळं सोडलं की ती ज्या रंगजोड्या काढतात त्या बऱ्याचदा त्यांच्या केसांशी, कातडीशी जुळणाऱ्या असतात. तिथून फिरत फिरत ही गोष्ट अमेरिकेत गेली आणि १९८० मध्ये कॅरोल जॅक्सनच्या पुस्तकाने चार ऋतूंची ही भानगड घरोघरी पोचवली. सोनेरी केस, लाल केस, निळे डोळे, घारे डोळे यांची वाटणी करायला ती बरी होती. आपल्याकडे आली की तिची पंचाईत होते. काळे केस, काळे-तपकिरी डोळे म्हटलं की ढोबळमानाने सगळेच विंटर. पुढे १२ वाली पद्धत आली ती जास्त बरी आहे कारण ती केस-डोळ्यांपेक्षा तीन गोष्टी बघते, रंग पिवळटाकडे झुकतो की निळसराकडे, किती गडद, आणि किती तेज. अमेरिकेत मनसेल म्हणून चित्रकलेचाच शिक्षक होता, त्याने १९०५ मध्ये रंग असे तीन बाजूंनी मोजायची रीत मांडली होती, ही १२ ची वाटणी त्याच धर्तीवर आहे.

म्हणून कपाटवाली ताई, तुमचा अ‍ॅपचा आणि सेशनचा निकाल वेगळा आला तरी तो उलटा नाहीये. डीप ऑटम आणि डीप विंटर हे शेजारी-शेजारी राहतात, मधे फक्त एक भिंत. दोघांचंही पहिलं लक्षण गडदपणा, फरक एवढाच की एक जरा उबेकडे झुकतो, दुसरा जरा थंडाकडे. त्यामुळे गडद टील, बॉटल ग्रीन, वांगी, गडद डाळिंबी हे दोन्ही घरांत चालतात. शंका असेल तर खरेदीची सुरुवात या चारांनी करा, अ‍ॅप बरोबर असो की ती बाई, पैसे वाया जात नाहीत. मोहरी आणि विटकरीच्या नादाला नंतर लागा.

अ‍ॅपवर तसाही माझा विश्वास कमी. फोनचा कॅमेरा स्वतःच रंग सुधारत बसतो. पिवळं कापड धरलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो फोटो निळा करतो, आणि बिचारं अ‍ॅप त्या निळ्या तोंडावरून तुमचा ऋतू ठरवतं. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हा जो प्रकार सांगतात तोही सोडून द्या, सावळ्या कातडीखाली निळी शीरसुद्धा हिरवट दिसते.

आता एक गंमत. ऑटम हा शब्द आपण शरद म्हणून घेतो, पण आपला शरद म्हणजे पाऊस ओसरल्यावरचं धुतलेलं निळं आकाश, पांढरे ढग, काठाला काशाचे तुरे. तिकडच्या हिशोबाने हे तर चक्क विंटरचे रंग झाले. ते चॉकलेटी-विटकरी प्रकरण आपल्याकडे शिशिरात, पानगळीत. आणि स्प्रिंग म्हणजे त्यांच्याकडे पीच, फिकट गुलाबी, कोवळा हिरवा, आपल्या वसंतात माळावर पळस आणि पांगारा नुसता पेटलेला असतो, त्यात फिकट काय आहे? वर्गात पोरांना ऋतूंचे रंग लावायला सांगितले तर एकही पोरगं वसंताला बेबी पिंक लावत नाही. तेव्हा नावांवर जाऊ नका, डीप ऑटम ऐवजी गडद-उबदार म्हणा आणि सोडून द्या.

कपाटवाली

बापरे किती छान लिहिलंत दोघांनी! टूबायटू ताई, मंगळसूत्र नव्हतं काढलं, उलट त्या मॅडम म्हणाल्या की बघा सोनं किती छान दिसतंय, त्यावरूनच बहुतेक ऑटम ठरवलं की काय आता मला शंका येतेय. आणि केसांना मी मेंदी लावते, फडक्यातून कपाळावरचे लाल केस बाहेर आले होते थोडे. त्याने फरक पडतो का? सेशन संध्याकाळी सहाला होतं, ट्यूबलाईट होती. भिंत पिस्ता रंगाची होती, हे आत्ता लिहिताना आठवलं आणि हसू आलं.

सरळरेषा, आत्या गेली उडत हे मान्य, पण मला फिकं खरंच आवडतं की सवय झालीय हेच कळत नाहीये हो.

रंगारी_कोल्हापूर

मेंदी, ट्यूब आणि पिस्ता भिंत, त्रिवेणी संगमच झाला! तिन्हीने फरक पडतो. भिंतीचा रंग तोंडावर येतो, हिरवट भिंतीजवळ तर मधुबालासुद्धा आजारी दिसेल.

घरीच परत करा. सकाळी दहा-अकराला, खिडकीशी तोंड करून, थेट ऊन नको, उत्तरेची खिडकी असेल तर सोन्याहून पिवळं. केस पूर्ण झाकायचे, दागिने काढायचे, टिकलीसुद्धा. अंगावर राखाडी नाहीतर पांढरा पंचा. आणि कापडाकडे बघायचंच नाही, बघायचं जबड्याच्या रेषेकडे आणि डोळ्याखाली. कापड बदललं की क्षणभर आधी काय दिसतं, कापड की तोंड, एवढंच बघा. कापड आधी दिसलं तर तो रंग तुम्हाला घालून फिरतोय.

टूबायटू

आणि कापडं कुठली आणायची तर मॅचिंग सेंटरमधनं! रुबियाचे ब्लाऊजपीस. एवढे रंग जगात दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत, नुसत्या हिरव्याचेच पंधरा तागे असतात. दुपारी दोनच्या सुमाराला जा, गर्दी नसते, दुकानदाराला स्पष्ट सांग की पाच-सात पीस घेणारे पण आधी दाराशी उजेडात बघणारे. बघू देतात. साडीच्या दुकानात नाही का आपण म्हणतो, जरा उजेडात दाखवा, तसंच. आतल्या लाईटला मेंदी आणि चॉकलेटीत फरक कळत नाही कधी कधी, माझ्याच दुकानात एका बाईने दिव्याखाली मरून म्हणून नेलेला पीस घरी जाऊन जांभळट निघाला होता आणि मला ऐकवून गेली, पीस तिनेच आणला होता तरी.

घेतलेले पीस वाया जात नाहीत, साड्यांवर ब्लाऊज होतात. हे त्या सेशनपेक्षा स्वस्तात पडतं.

आता पिस्ता साडी. साडीत तोंडाजवळ काय येतं? ब्लाऊज आणि डाव्या खांद्यावरनं जाणारा पदराचा भाग, बास. बाकी पाच वार खाली निऱ्यांत. तर ब्लाऊज पिस्ता करायचाच नाही. गडद बॉटल ग्रीन किंवा वांगी कलरचा रॉ सिल्कचा, गळा फार खोल नको, बंद गळ्याकडे झुकणारा घे म्हणजे गडद रंग वरपर्यंत येतो. रुपेरी जरीची काळजी करू नकोस, ब्लाऊजच्या बाहीला सोनेरी आणि रुपेरी दोन्ही असलेली बारीक लेस लाव, मग गळ्यात सोनं घातलंस तरी ते सुटं पडत नाही. आणि लिपस्टिक जरा उबदार विटकरीकडची लाव. अर्धी लढाई लिपस्टिक मारते हे कोणी सांगत नाही.

फक्त एक काम करू नकोस, साडी डाय करायला देऊ नकोस. सिल्क रंग घेतं पण जर खराब होऊ शकते, आणि आईची आहे.

बर्फातलीबाय

मी टोरांटोला असते, इकडे हे कलर अ‍ॅनालिसिस प्रकरण खूपच चाललंय, ऑफिसमधल्या तिघी-चौघी करून आल्या. माझा अनुभव वेगळाच आहे, इथे नोव्हेंबर ते एप्रिल माणूस कोटात असतो. आत तुम्ही पैठणी नेसा नाहीतर गाऊन घाला, जगाला दिसतो तो कोट आणि मफलर. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखा काळा कोट घेतला, आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची, बरं नाही का गं, जेवतेस ना नीट? दुसऱ्या वर्षी सेलमध्ये गंजासारखा लालसर तपकिरी कोट मिळाला, तर आई म्हणते, आता कशी तब्येत सुधारली! वजन उलट दोन किलो कमी झालं होतं.

कपाटवाली, तू डोंबाऱ्यासारखी सगळी कसरत एकदम करू नकोस. मी नियम केला होता की वर्षभर नवीन जे येईल ते गळ्याजवळचंच आणि पंख्यातलंच, जुनं आपोआप विरतं फाटतं. तीन वर्षांत कपाट बदललं, कळलंही नाही. आणि एक फायदा असा झाला की सगळं एकमेकांवर चालायला लागलं. मेंदीवर विटकरी, विटकरीवर मोहरी, मोहरीवर चॉकलेटी, डोळे मिटून काहीही काढा. पूर्वी माझ्याकडे चाळीस टॉप होते आणि घालायला काही नसायचं, आता पंधरा आहेत.

शर्टइन

पुरुषांनी काय करायचं, आम्हाला दुकानात तीनच रंग दाखवतात, पांढरा, आकाशी, आणि ‘सर हा जरा वेगळा आहे’ म्हणून फिका गुलाबी. मीही सावळा आहे, पांढराशुभ्र शर्ट घातला की बायको म्हणते फोटोत आधी शर्ट दिसतो मग तू. पण ऑफिसला पांढराच लागतो.

रंगारी_कोल्हापूर

शर्टइन, पांढऱ्यात पण भाऊबंद असतात. नवीन शर्टाचा जो निळसर पांढरा असतो तो निळीमुळे आणि चमक आणणाऱ्या रसायनांमुळे. त्याऐवजी मोतिया घ्या, ब्लीच न केलेल्या सुती कापडाचा मूळ रंग असतो तसा. लांबून पांढराच दिसतो, साहेबाला कळत नाही. आणि बायको बरोबर बोलली, तीच तर परीक्षा मी वर सांगितली.

टूबायटू

जुन्या पांढऱ्या सुती शर्टाचा मोतिया घरी करता येतो. बिनदुधाचा कोरा कडक चहा भरपूर करायचा, गाळून घ्यायचा, शर्ट आधी पाण्यात भिजवून मग त्यात बुडवायचा आणि सतत हलवत राहायचं, नाहीतर ढगासारखे डाग पडतात. दहा-पंधरा मिनिटांत बघा, ओला असताना जेवढा दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो. सुतीच पाहिजे, टेरिकॉटला नीट चढत नाही. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर तो पांढराच राहतो, जवळून दिसतं. धुण्यात हळूहळू जातो, मग परत एकदा चहा. माझ्या यजमानांचे असले तीन शर्ट होते, त्यांना आजपर्यंत माहिती नाही.

सरळरेषा

बरं मी थोडा मागे येतो. काल हे वाचून जुने फोटो काढले. आजीची इरकलं म्हणजे एक गर्द डाळिंबी आणि एक हिरवं, पदर लाल-पांढरा टोप-तेनी. आजी सावळी, आणि फोटोत नुसता चेहराच दिसतो, साडी नंतर. आणि आईच्या लग्नातल्या फोटोत तिला कोणीतरी फिका गुलाबी शालू नेसवलाय, गोरी दिसावी म्हणून पावडरही थापलीय, ओळखू येत नाहीये. ते ऑटम-विंटर तुम्ही ठेवा तुमच्याकडे, पण आजीच्या वेळी गडदाची भीती नव्हती एवढं खरं. ही ‘फिकं घाल’ भानगड मधल्या पिढीत कुठूनतरी घुसली.

टूबायटू

कुठून काय, दुकानात रोज ऐकायचे मी. मुलगी दाखवायची असली की आया यायच्या, ‘उजळ दिसेल असा रंग सांगा’. मी रंग खुलेल असा दाखवायचे तर नको म्हणायच्या. उजळ दिसणं वेगळं आणि खुलून दिसणं वेगळं, हे वीस वर्षांत मी चार-पाच जणींना पटवू शकले असेन. फिक्याने उजळ दिसतही नाही गं, राखाडी दिसतं.

निळीशाई

एक छोटी अ‍ॅडिशन, गडद-उबदार वाल्यांनी महागड्या दुकानात जायचं कारणच नाही. अजरख, कलमकारी, खण, सगळं तुमचंच आहे. अजरखाच्या जुन्या पद्धतीत कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, लोखंड-गुळाच्या पाण्याने काळं येतं, तुरटी लावून मंजिष्ठेचा लाल, शिवाय नीळ. यातून जो लाल आणि जो काळा येतो तो कधीच झगझगीत नसतो, जरा मातीतला असतो. ती पॅलेट त्या पंख्यात छापलेलीच आहे जवळजवळ. फक्त खरी नीळ असेल तर सुरुवातीला हाताला-बॅगेला लागते, पांढऱ्या सोफ्यावर बसू नका.

मला उलटा त्रास आहे, मी सॉफ्ट समर, म्हणजे मंद-थंड रंगवाली, मला हे सगळे रंग आवडतात आणि एकही शोभत नाही. नवरात्रात वारावरून रंग ठरतात, केशरी आणि पिवळ्या दिवशी मी ऑफिसच्या ग्रुप फोटोत कावीळ झाल्यासारखी. त्या दिवशी फक्त केशरी बांगड्या घालते आणि मागच्या रांगेत उभी राहते.

कपाटवाली

अपडेट द्यायला आले. रविवारी दुपारी मॅचिंग सेंटरला गेले, मुलीला बरोबर नेलं, ती १४ वर्षांची, तोंडावर सांगते. दुकानातल्या काकांना सगळं समजावलं, त्यांना सीझन-बिझन काही कळलं नाही पण ‘तोंडाला लावून बघायचंय होय’ म्हणाले आणि एकामागून एक तागे दाराशी आणून दिले. नावं विचारली तर म्हणाले आम्ही नंबरानेच ओळखतो, नावं तुम्ही बायका ठेवता. सात पीस घेतले.

सोमवारी सुट्टी होती. खिडकीत बसले, केस पंचात, मंगळसूत्र आणि टिकली काढून. आधी बेबी पिंक. मुलगी म्हणाली, आई तू झोपली नाहीस का रात्री? ओठांभोवती जी सावली आहे माझ्या, ती मिशीसारखी दिसायला लागली, खोटं नाही सांगत, इतकी वर्षं मी त्यासाठी क्रीमं लावतेय. मग मेंदी. तीच सावली, जाग्यावरच होती, पण बघावी लागत होती. मग काळा लावला, वाईट नाही पण जबडा जरा कठोर. गडद टील लावल्यावर मुलगी काही बोललीच नाही, मोबाईल खाली ठेवला आणि नुसती बघत बसली, मग म्हणाली हा माझ्या पेरेंट मीटिंगला घालून ये.

मोहरी मात्र नाही जमला. पंख्यात आहे पण मला तो नाही, पिवळट दिसले. म्हणजे रंगारी सर म्हणतात तशी मी भिंतीवरच बसलेली असणार, एक पाय इकडे एक पाय तिकडे. टील, बॉटल ग्रीन, वांगी, डाळिंबी पक्के. विटकरी ठीकठाक, मंगळसूत्र परत घातल्यावर जास्त बरा वाटला.

२९ पैकी सहा कुर्ते टेलरकडे दिलेत पायपिंगला, एकदम. तो तरीही कुरकुरलाच. लव्हेंडरचे दोन मुलीने घेतले, तिला छान दिसतात, ती तिच्या बाबांवर गेलीय. उरलेले घरात घालेन, आणि एक आकाशी चिकनकारीचा आहे तो मी तसाच ठेवणार, कसाही दिसो, तो मला आवडतो. म्हणजे आवडणारं एक तरी सापडलं, सरळरेषा.

साडीचा ब्लाऊज वांगी कलरचा शिवायला टाकलाय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली पिस्त्यावर वांगं? भाजीवाली दिसशील. मग फोटो पाठवला, पीस खांद्यावर टाकून साडीबरोबर, खिडकीत. दोन ब्लू टिक आल्या आणि दहा मिनिटं काहीच नाही. मग फक्त, ‘कापड किती रुपये मीटर पडलं? मला पण एक आण.’

आणि आत्या लग्नाला येणार आहे, पहिल्या रांगेत बसेल.

टूबायटू

छान! वांगी रॉ सिल्कला अस्तर लावताना टेलरला सांग की अस्तर आधी भिजवून घे आणि गडदच लाव, पांढरं लावतात आळशी लोक, ते मग गळ्यातनं डोकावतं. आणि लग्नात घामाने रंग सुटू शकतो, आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या बाजूला चोळून बघ, रुमालाला रंग आला तर काखेत पॅड लाव. पिस्ता साडीवर वांगी डाग पडला तर मग तुझी आत्या राहील बाजूला, आईच बोलेल.